पावडर मुरली, मेहनत राहिली

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. कमावणं अवघड, की कमावलेलं अंगी लागू देणं अवघड? पंगतीत लाडू दहा खाल हो — पचवायचे कुणी?

तर ऐका. पंचगंगेकाठच्या एका गावात अंबिका मगदूम नावाची पोर. कुस्ती खेळायची. जिल्ह्याची निवड वीस दिवसांवर. गेल्या साली ऐन निवडीला ताप आला आणि कुस्ती हुकली. औंदा तिच्या गटात वयाचं शेवटचं साल — आता हुकली की दार बंद!

पोर घाबरली. जोर, बैठका, दोर चढणं — विसावा म्हणून नाही. मेहनत वाढली तसा घसा धरला, नाक गळायला लागलं. मग दुकानातून डबे आणले. एक ताकदीचा, एक प्रतिकारशक्तीचा, आणि तिसरा — कशाचा ते त्या डब्यालाच ठाऊक! नेऊन भैरू वस्तादांना दाखवले. वस्ताद जुने, बोलणं मोजकं. म्हणाले, "घे खुराक. पर मुरू दे, पोरी."

झालं! पोरीनं शब्द झेलला. रोज पहाटे पावडर तांब्यात भिजत घालायची, दोन तास मुरवायची. आणि त्या दोन तासांत काय करायची? पळायची! हसताय काय? तुम्ही आईबापाचं कुठलं बोलणं नीट ऐकलंत?

आठव्या दिवशी ताप चढला. वस्ताद घरी आले. बघतात तर खिडकीत तांब्या, त्याला आंबूस वास.

"ह्ये काय गं?"

"पावडर मुरवलीया. तुम्हीच सांगितलं न्हवं?"

वस्तादांनी तांब्या बाहेर ओतला. रागावले नाहीत हो. म्हणाले, "चूक माझी. मी मेहनत मुरू दे म्हनलो. अंगात. झोपंत. तुझी आई विरजण लावून पातेलं हलवत बसती का?"

डॉक्टरीणबाईंनी डबे पाहिले. म्हणाल्या, "यातलं तुला काय लागतं ते तपासून सांगते. पण झोपेचा डबा कुठं मिळत नाही, बाळ."

पाच दिवस मातीत पाय नाही. पोर रडली — "बाकीच्या फुडं जातील, वस्ताद." म्हातारा उशाशी बसून राहिला. ताप उतरला. मग एक वेळ मेहनत, एक वेळ आराम, दोन्ही वेळ पोटभर भाकरी.

निवडीची शेवटची कुस्ती. शेवटचं मिनिट. समोरची धापा टाकतेय, अंबिकेचा दम शाबूत. पाय ओढून पट काढला — आणि तिची पाठ लावली! वस्तादांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

आता तुमचं. किती वर्षं कीर्तनाला येताय? ऐकलंत, उठलात, चपला शोधल्यात, दारातच भावाशी भांडलात. अहो, नाम घेता — मुरू कधी देता?

टाळकरीबुवा, टाळ खाली ठेवा. मीही गप्प बसतो. कुणी उठू नका. एवढं मुरू द्या... आणि मग, आतून येईल तेव्हाच म्हणा — विठ्ठल.