काठोडा चौकीचा रोजनामचा

पुरवणी जबाब. दि. १६ सप्टेंबर २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

नाव वृषाली अमर मुनेश्वर, वय ४१ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार काठोडा, मंडल जैनथ, जिल्हा आदिलाबाद. जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती केल्यावरून हेड कॉन्स्टेबल चंदन ढाले तो उतरवून घेत आहेत.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, महिपत शेंडे, वय ७९, हे बेपत्ता असल्याबाबत दि. १३ रोजी माझा जबाब झाला होता. त्यात मी त्यांना आदल्या दिवशी पाहिले नाही असे सांगितले. ते खरे नव्हते. आज मला कोणी आणलेले नाही. पती अमर यांचा मी येथे येण्यास नकार होता.

महिपतबुवा महसूल दप्तरातून निवृत्त झालेले होते. एकटे राहत. त्यांना उर्दू वाचता येत असे. गावाबाहेर निजामाच्या काळात सरहद्दीची पोलीस चौकी होती. ती पाडली तेव्हा रद्दीत निघालेला कागदांचा एक बस्ता त्यांनी घरी आणून ठेवला होता. त्यात १९४८ सालचा चौकीचा उर्दूतला रोजनामचा, म्हणजे रोजच्या नोंदींचे पुस्तक, होता.

दि. ३ सप्टेंबर रोजी ते शाळेत आले. डोळे जात चालले आहेत, मी वाचतो, तू मराठीत लिहून घे, असे म्हणाले. मी हो म्हणाले. रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीत तासभर बसत असू. शाळेची दोनशे पानी वही होती.

दि. ६ रोजी शनिवारी त्यांनी एक पान काढले आणि दार लावून घ्यायला सांगितले. पान मे १९४८ चे होते. पैनगंगेच्या पलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे शिबिर होते. तिथून चार माणसे पत्रके घेऊन पहाटे घाटावर उतरली. चौकीवाले आधीच दबा धरून होते. चौघांना गोळ्या घातल्या.

येथे सांगणे जरूर आहे की, देवाजी सखाराम मुनेश्वर हे माझ्या पतीचे आजोबा. ते गावचे पटेल भगवंतराव यांच्याकडे सालगडी होते. त्याच दिवसापासून ते गावात दिसले नाहीत. देवाजीने खबर दिली, बक्षीस घेतले आणि पळाला, असे गावात धरून चालतात. आमच्या घराला अजून मुखबिराचे घर म्हणतात. लग्न होऊन मी गावात आले तेव्हा मला घर विचारत यावे लागले नाही. देवाजींच्या पत्नी रुक्माबाई १९९१ साली वारल्या. तोपर्यंत त्या कुंकू लावत होत्या.

पानावर असे होते की, खबर भगवंतराव पटेल यांनी दिली. गोळ्या सुरू होण्याआधी गावाकडून एक माणूस ओरडत पाण्यात शिरला, तो पाचवा. पाचही प्रेते वाळूत पुरली. खाली पाचांची नावे होती.

मी लिहून घेतले. बुवांना विचारले, हे तुम्ही आजच वाचले का. ते म्हणाले, "नाही पोरी. चाळीस वर्सं झाले. पटेलाच्या वाड्यासमोरूनच जाणं-येणं होतं. हिंमत नाही झाली." मी विचारले, मग आता काऊन सांगता. ते म्हणाले, "आता घाटावर पटेलाच्या नावाचा दगड बसून राह्यला. मी उद्या मेलो त कोण वाचन?"

मी वही पिशवीत घातली. घरी जाऊन स्वयंपाक केला. अमर यांना जेवण झाल्यावर सांगितले. ते अंगणात जाऊन बसले.

दि. ९ रोजी दुपारच्या सुट्टीत भगवंतरावांचे नातू दौलत पटेल शाळेत आले. घाटावर स्वातंत्र्यसैनिक म्हणून भगवंतरावांचे स्मारक उभारणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष आहेत. उद्या, दि. १७ रोजी, त्याचे उद्घाटन आहे. त्यांनी मला निमंत्रणपत्रिका दिली. म्हणाले, "बुवाजवळ आमच्या आजोबाचे कागद हायेत म्हणते. तुमी लिहून घेऊन राह्यल्या म्हणे." मी जुने कागद आहेत एवढेच सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, मीनल बासरला शिकते नं? हॉस्टेलात राह्यते का बाहेर?" मी हॉस्टेलात म्हणाले. "बरं हाय," असे म्हणून ते गेले. मीनल माझी मुलगी आहे. आवाज चढवून ते काही बोलले नाहीत.

दि. ११ रोजी बुवांनी फोनवर सांगितले की, उद्या आदिलाबादला कलेक्टर ऑफिसात बस्ता जमा करून पोच घेतो.

दि. १२ रोजी शुक्रवारी सकाळी ८.४० वाजता मी शाळेत जात असता ते बस थांब्यावर उभे दिसले. बस्ता छातीशी धरलेला होता. पांढरी गाडी थांबली. दौलत पटेल स्वतः चालवत होते, शेजारी कोणी नव्हते. त्यांनी आतून दार उघडले. बुवांनी माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला नाही. ते बसले. गाडी आदिलाबादच्या रस्त्याला न लागता नदीकडे वळली. मी शाळेत गेले आणि हजेरी घेतली.

दि. १४ रोजी सकाळी बुवांचे प्रेत घाटाच्या खाली झुडपात अडकलेले मिळाले. पाय घसरून पुरात पडले असे म्हणतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते आणि सहा वर्षांत ते घाट उतरले नव्हते. बस्ता मिळालेला नाही.

त्याच दिवशी आम्ही अंत्यविधीला गेलो असता आमच्या घराचे कुलूप तोडले गेले. कपाटातली वही गेली. दुसरे काही गेले नाही. दौलत पटेल अंत्यविधीला होते, त्यांनी खांदा दिला.

आता पान नाही आणि वहीही नाही. पानावरची नावे मला पाठ आहेत, ती जबाबात लिहावीत असे मी म्हणाले. ढाले म्हणाले, त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही. मी म्हणाले, आहे. नावे अशी: गणपत तुळशीराम. शेख इमाम. लिंगन्ना. किसन कोलाम. देवाजी सखाराम, सालगडी, उमर तीस.

मीनलला मी कालच बासरहून आणून नातेवाइकांकडे ठेवले आहे. कोणाकडे ते लिहू नये.

वरील मजकूर ढाले यांनी मला वाचून ऐकवला; येथून पुढचे मी माझ्या हाताने लिहीत आहे. नावांपाशी ते थांबले आणि उठून दार लोटून आले. म्हणाले, "बाई, मी बी इथलाच हाय. एवढं ठेवाचं का?" मी ठेवा म्हणाले. त्यांनी पाचही नावे पुन्हा वाचली. मी सांगितले तसेच उतरले आहे. देवाजींच्या नावाआधी त्यांनी आपणहून 'मयत' असा शब्द घातला आहे. तो बरोबर आहे.

(सही) वृषाली अमर मुनेश्वर