पहिल्या पानावर काय असावं

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील विश्वस्त मंडळी, डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातून वेळ काढून आलेले कर्मचारी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या चौकशीताई,

रुग्णालयाच्या वेबसाइटबद्दल दोन मिनिटं चांगलं बोला, असा मला निरोप होता. वेबसाइट मी केली, म्हणून हे आमंत्रण. चांगलंच बोलणार आहे. फक्त कोणाबद्दल, ते मी ठरवलं आहे.

पहिल्या बैठकीत मी विचारलं, ही वेबसाइट उघडणार कोण? समितीने सांगितलं, देणगीदार आणि पाहुणे. बाहेर पडले, तर ताईंनी मला हाताला धरून चौकशीच्या खिडकीमागे बसवलं. म्हणाल्या, "चार दिवस इथे बस. लोक काय विचारतात ते लिही."

मी लिहिलं. संस्थेचा इतिहास एकानेही विचारला नाही. रक्ताचा रिपोर्ट कुठे मिळेल, डोळ्यांचे डॉक्टर आज आहेत का, स्ट्रेचर कोणत्या दाराने न्यायचं. प्रत्येक प्रश्नाची एक चिठ्ठी. सारख्या चिठ्ठ्या आम्ही टेबलावर एकत्र केल्या. एकेका ढिगाचं एकेक पान झालं. पानं आधी पेन्सिलीने कागदावर काढली. ताईंनी ती रांगेतल्या एका आजींपुढे धरली. आजींना अपघात विभागाचा नंबर सापडेना. ताई मला म्हणाल्या, "आजींचं चुकलेलं नाही. तुझं चुकलंय." नंबर सगळ्यात वर गेला, अक्षरं मोठी झाली. कॉलेजात हे मला कोणी शिकवलं नव्हतं हो.

मग समितीने पाहिलं. पहिल्या पानावर अध्यक्षांचा संदेश हवा, इमारतीची चित्रफीत हवी. मी थोडी कुरकुर केली आणि नंबर खाली ढकलून मुकाट्याने करून दिलं. माझा राग माझ्यावरही आहे.

वेबसाइटच्या उद्घाटनाला आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी एक बाप दम लागलेल्या लेकीला घेऊन पुढच्या दाराशी आला. ते दार दुरुस्तीसाठी बंद. गाडीत तो आपली वेबसाइटच उघडून बसला होता. चित्रफीत उघडेना, नुसतं चक्र गोल गोल फिरत राहिलं, तिच्याखालची 'मागच्या दाराने या' ही सूचना त्याला दिसलीच नाही. लेकीला कडेवर घेऊन तो अख्ख्या इमारतीला वळसा घालून धावला. पोहोचला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मुलगी वाचली. आपल्यामुळे नाही, डॉक्टरांमुळे.

ताई तडक अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागे होते. खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत.

"हिला सांगा, नंबर आणि दाराची सूचना वर घे. तुम्ही सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही."

साहेब, तुम्ही सांगितलंत. दहा मिनिटांत पान बदललं. आणि महिन्याभरात ताईंची खिडकी बंद झाली. कारण काय, तर आता वेबसाइट आहे! नोकरीचे शेवटचे आठ महिने या बाईंनी तळघरात, जुन्या फायलींत काढले.

आजच्या पत्रिकेत वेबसाइटची 'संकल्पना आणि नियोजन' यापुढे समितीची सात नावं आहेत. छापताना कोणाचाच हात अडखळला नाही? त्या खिडकीमागे सातांपैकी कोण बसलं होतं?

वेबसाइटच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव असतं. आज सकाळी मी तिथलं माझं नाव काढून ताईंचं घातलं आहे. ते कोणाला पुसायचं असेल, तर त्यासाठी दुसरं माणूस बघावं.

बोलायला उभं केलंत, मध्येच खाली बसवलं नाहीत, याबद्दल आयोजकांची आणि सभागृहाची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ताई, तुम्ही पोटात घाला. मंचाकडे मी माफी मागत नाही. मंचाने ती ताईंकडे मागावी.