ठिबकची नळी

अगं, ठिबकची नळी कोणी गॅसला लावतं का? आमच्या भाऊजींनी लावली! पिंपळगावहून आले होते. मी म्हटलं, "गॅसची नळी चिरलीय, एजन्सीच्या माणसाला बोलवायचंय."

"त्याला कशाला, वहिनी? बागेची नळी हाय ना टेम्पोत!" म्हणाले, आणि तार आवळून बसवलीसुद्धा.

सिलिंडर चालू करताच वास सुटला. बाळ तिथंच रांगत होतं. मी सिलिंडर बंद केला, बाळाला उचललं आणि अंगणात पळाले.

भाऊजी मागून हसतायत, "लय घाबरता बुवा! याच नळीवर आख्खी बाग जगवली मी."

बिचारे मदतच करायला गेले होते. पण मी बाळाला कडेवरून खाली ठेवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, ती नळी गळते म्हणूनच बाग जगते ना!"