सिद्राम कोरव्याचा ओढलेला ओठ

मंडळी, ऐका! पोरं मांडीवर घ्या, आणि आधी मला एक सांगा — देव माणसाचं मन बघतो की तोंड? मन! वा! सगळे कसे एका सुरात बोललात! मग आता पुढचं सांगा. देव तोंड बघत नाही, तर माणसानं तोंडावर इलाज करून घ्यावा की नाही? तो मोह की धर्म? … का? आता का गप्प? पेटीवाले बुवासुद्धा भात्यावरचा हात काढून बसले!

जत तालुक्यात सिद्राम कोरवी नावाचा सनईवाला होता. वय बावन्न. चार पिढ्यांची सनई घरात. पहाटे देवळात त्याची सनई लागली, की बाया म्हणायच्या — "उठा वो, देव उठला!" देव उठायचा, नवरे उठायचे का, ते मला विचारू नका!

आणि एका लग्नघरी स्टोव्हचा भडका उडाला. सिद्रामाचा उजवा गाल भाजला. जीव वाचला, जखम भरली. पण भरताना कातडी आवळली. जाड, ताठ वण! ओठाचा कोपरा गालाकडं ओढला गेला. सनईची पत्ती ओठात धरावी, तर कोपऱ्यातून वारा फुस्स! सूर नाहीच!

दोन वर्षं सनई पेटीत पडून राहिली. देवळात काय लागलं? स्पीकरवर रेकॉर्ड! ती सुरू व्हायच्या आधी सिद्राम घरातून उठून माळावर निघून जायचा. ऐकवत नव्हतं त्याला.

एक दिवस त्याची बायको शांतव्वा म्हणाली, "आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई सांगत होत्या, मिरजेला एक डॉक्टरीण लेसरनं भाजल्याचे वण मऊ करती. जाऊ या."

शेजारचा केराप्पा ओट्यावर बसला होता. फिदीफिदी हसला! "सिद्रामा, पन्नाशीनंतर नवरदेव व्हायचंय व्हय रं?"

लागलं, मंडळी! सिद्राम मान खाली घालून म्हणाला, "नको गं. देवानं दिलंय ते असू दे."

शांतव्वा काय म्हणाली? "देवानं स्टोव्ह पेटवला व्हय? देवानं दिली ती सनई! उठा, पिशवी भरलीया."

मिरजेच्या डॉक्टर नसीम मुजावर. शांत बाई. वण बोटांनी दाबून बघितला. विचारलं, "काका, ओठावर तापाचे फोड येतात का कधी?"

"येतात की, वर्षाकाठी एकदा."

"मग आधी गोळ्या घ्याव्या लागतील, नाहीतर लेसरनंतर ते उसळतात. आणि नीट ऐका. वण पुसला जाणार नाही. मऊ होईल, ओढ कमी होईल. एका वेळेत नाही. चार वेळा यावं लागेल, दर दीड-दोन महिन्यांनी. लेसरनंतर चेहरा लाल होईल, सुजेल, मग काळपट खपली धरेल. ती आपोआप पडेल. ओढायची नाही! उन्हात फिरलात तर कातडी काळी पडेल. आणि घरी रोज मालिश, ओठांचा व्यायाम."

सिद्राम "व्हय, व्हय" म्हणत होता. पण मंडळी, कानानं ऐकणं वेगळं आणि मनानं ऐकणं वेगळं! त्यानं ऐकलं एवढंच — "मऊ होईल."

तासभर बधिर करायचं मलम लावलं. डोळ्यांवर झाकणं बसवली. यंत्र टक-टक-टक चालू झालं. मिरचीचा हात लागावा तशी चुणचुण, वर गार हवेचा झोत, आणि केस जळाल्यासारखा वास. तो वास आला मात्र — सिद्रामाला तो भडकाच आठवला! मुठी आवळल्या. डॉक्टर लगेच थांबल्या. "काका, श्वास घ्या. तुम्ही सांगाल तेव्हाच पुढं." सनईवाला तो! छातीभर श्वास घेतला, सोडला, आणि म्हणाला, "चालू द्या."

घरी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आरसा घेतला, आणि किंचाळलाच! गालावर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी काळी खरखरीत खपली! "शांते, दुसऱ्यांदा भाजलो गं मी! केराप्पा हसला ते बरोबरच!" पंचा उचलला, आता घासून काढणार —

शांतव्वानं मनगट धरलं! "हात लावायचा नाही! आधी फोन."

डॉक्टरांनी विचारलं, "ताप आहे? पू आहे? दुखणं वाढतंय?"

"नाही."

"खपली आली?"

"आलीया की वो, काळीकुट्ट!"

"मग काका, अभिनंदन! सगळं वेळेवर चाललंय."

काय सांगू मंडळी! तो माणूस चुलीपुढं मटकन बसला, आणि हसायला लागला. हसता हसता रडला. मलम लावत, सावलीत बसून राहिला. सातव्या दिवशी तोंड धुताना खपली पाण्याबरोबर आपसूक निघाली. खाली गुलाबी, कोवळी कातडी!

चार खेपा झाल्या. मालिश रोज. आठ-नऊ महिने गेले. वण आहे का? आहे! आजही दिसतो. पण एका सकाळी त्यानं पत्ती ओठात धरली. पहिला सूर फाटला. दुसरा घसरला. तिसऱ्याला ओठ मिटला — आणि सूर उभा राहिला! सरळ! शांतव्वा भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. केराप्पा ओट्यावरून उठून दाराशी आला. म्हणाला, "सिद्रामा… अजून एकदा वाजव की." बस्स! सिद्रामाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

म्हणून, मंडळी, तोंडावरचा इलाज मोह की धर्म, हे बाहेरून बघणाऱ्यानं ठरवू नये! आपल्याला वण दिसतो, त्यामागं काय अडलंय ते दिसत नाही. आपण मात्र ओट्यावर बसून विचारतो — "या वयात कशाला?" अहो, तुमचे गुडघे दुखले, तेव्हा कुणी विचारलं का, या वयात कशाला चालता? हसू नका, ताई, तुम्हालाच म्हणतोय! आणि घाईवाल्यांनो, तुम्हीही ऐका — भरत आलेल्या जखमेला नख लावू नका. गालावरच्याही, आणि घरातल्या भांडणाच्याही! आज घरी गेल्यावर जो माणूस तोंड लपवून कोपऱ्यात बसतो, त्याच्याजवळ बसा. विचारा — "दवाखान्यात सोबत येऊ का?" एवढं विचारणारे किती? टाळ्या नकोत! हात वर करा!