मॉनिटरवरची विभूती

स्क्रीन पुसायच्या कपड्यावरून हसताय व्हय बे? माझ्याकडं तसल्याच कपड्याचा एक किस्सा हाय, पण त्याला हसता येत न्हाई.

धारूरला आमच्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात लग्नपत्रिका करायला मी कॉम्प्युटर घेतलता, तवाची गोष्ट. त्याच्यासंगं मायक्रोफायबरचा कपडा आलता, लई मऊ. त्या काचेला मी कुणाचं बोट लागू देत नव्हतो.

दसऱ्याला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दरसालसारखी तराजूला विभूती लावली आन् तीच ओली तीन बोटं मॉनिटरच्या काचेवर ओढली. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "अप्पा, काच खराब हुईल! कावून हात लावला?"

अप्पा म्हणले, "तराजूनं तर कधी तक्रार केली न्हाई, बाबा."

मी कपडा घेतला आन् त्यांच्या डोळ्यांदेखत काच लख्ख पुसली. अप्पा विभूतीची वाटी घेऊन घरात गेले. पुन्हा कधी कॉम्प्युटरजवळ आले न्हाईत. उन्हाळ्यात वारले.

पुढच्या दसऱ्याला मीच बोटं भिजवून मॉनिटरवर तीन पट्टे ओढले. वाकडेतिकडे आले. पुन्हा ओढले, तरी अप्पांसारखे येईनात. आई मागं उभी होती. म्हणलं, "आई, तू तरी ओढ की."

आई म्हणली, "ऱ्हाऊ दे. पुसून टाक. तेवढं तुला चांगलं जमतंय."