आजीच्या चार ओळी

...आणि वर सगळे आईच्या माघारी मलाच म्हणतात, "तुला काय गं, चारच ओळी तर होत्या!" चारच! तुम्हीच सांगा, टीव्हीवर, थेट प्रक्षेपणात, इस्रायलमधल्या आमच्या अख्ख्या डिमोना गावासमोर चार ओळी म्हणजे कमी झाल्या का? आणि येतात हो मला. तुम्हाला सांगते, घरी मला सगळं येतं.

कार्यक्रम काय, तर नाटकांतली प्रेमगीतं. प्रत्येक समाजाने आपल्या संगीत नाटकातलं एक गायचं, बघणाऱ्यांनी फोन करून देणग्या द्यायच्या, आणि त्यातून आपल्या गावात डायलिसिसचं मशीन आणायचं. माझी आजी त्यासाठी आठवड्यातून तीनदा बसने बेर शेवाच्या मोठ्या दवाखान्यात जायची... आता जात नाही. हिवाळ्यात, हनुक्काच्या सणात वारली.

मुंबईत उमरखाडीला असताना तिने आणि आजोबांनी आपल्या मराठी ज्यू लोकांच्या नाटकात एक प्रेमगीत गायलं होतं. लग्नही त्यातूनच जमलं. आजोबा म्हणाले, "पोरी, तिच्या ओळी तू म्हण. परक्या बाईच्या तोंडून मला नाही ऐकवणार." यावर नाही कसं म्हणणार? आई कामावर गेली की मी स्वयंपाकघरात पाठ करायची, मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून! घरी मला सगळं येतं.

पण तिथे ते दिवे! ती निवेदिका त्सिला! "मोतेक, लाडके, हसायचं हं, प्रेमगीत आहे!" आजोबांनी पेटी धरली, त्यांच्या ओळी झाल्या, मान हलवून मला खूण केली... मी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज? नाहीच! माइकवाला पिन्हास वायर ओढून बघतोय, आणि मोठ्याने म्हणतो, "माइक चालू आहे, मुलगीच बंद आहे!"

आजोबा थांबले. तीच जागा पुन्हा वाजवली. परत थांबले... आणि मग आजीच्या ओळी स्वतःच गायले, बारीक आवाज काढून. लोक हसले. मग हसेनात. मी आपली ओठ हलवत उभी.

घरी आलो तर आई दारातच, डोळे पुसत! म्हटलं, संपलं आता. तर मला मिठी मारून म्हणते, "काय गायलीस गं! थेट माझी आई दिसत होतीस!"

मग लक्षात आलं. आजीच्या दुखवट्यात आईने वर्षभर गाणं ऐकायचं नाही. नवऱ्याला तीस दिवस, मुलीला वर्ष, असा आपला नियम! म्हणून तिने टीव्हीचा आवाज बंद ठेवून सगळं पाहिलं, आणि पडद्यावर सारा वेळ मीच, ओठ हलवताना.

मी आजोबांकडे पाहिलं. ते खाली वाकून बुटाचे बंद सोडत होते. म्हणाले, "हो. छान गायली."

आता आईने त्या कार्यक्रमाची व्हिडिओ टेप कपाटात जपून ठेवलीय. रोज म्हणते, "वर्ष संपलं ना, की पहिलं गाणं हेच ऐकणार!" वर्ष संपायला अजून चार महिने आहेत. तोवर, तुम्हाला सांगते, मी छान गायले आहे.