अर्ध्या कानाचा भाऊ

नाही गं पोरी, मी आमचं ‘जुनिसोव’ एवढंच शोध म्हणाले होते — ‘युनुसोव’ बघायला कुणी सांगितलं तुला? हो, ठाऊक आहे, उपासमारीच्या सालात कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं, सख्खे भाऊ दोन आडनावांनी दोन अनाथालयांत गेले — तुम्हा दप्तरवाल्यांना सगळीच आडनावं उलटीपालटी करून बघावी लागतात, तुझं काही चुकलं नाही. मलाच ते नको होतं. ‘सापडलं नाही’ म्हणाली असतीस तर मी सुखानं घरी गेले असते.

सार्सेन युनुसोव, हेच ना तुझ्या कागदावर? बापाचं नाव तेच, गाव तेच — म्हणजे माझ्या सासऱ्यांचा थोरला भाऊच. आधी माहीत होतं का म्हणतेस? बघ — बाहेर माझा कोट मांडीवर घेऊन बसलीय ना, ती माझी नात, माझ्या लेकाची लेक, बोटागोझ. मुलाकडचे सोयरीक ठरवून तिच्या कानात डूल घालायला आले, तेव्हा जेवताना मुलाचा बाप हसत सांगत होता, त्याच्या स्वतःच्या आजोबांचा अर्धा कान उंटानं खाल्ला होता म्हणून — आणि त्यांचं आडनाव युनुसोव. अगं, माझे सासरे मरेपर्यंत त्या अर्ध्या कानाच्या भावाला शोधत होते! आपल्यात सात पिढ्यांच्या आत सोयरीक नाही, आणि इथं चौथ्या पिढीलाच बाप एक. तेवढ्यात ताट आलं, मेंढ्याच्या शेपटीची चरबी अन् कलेजी — दोन्हीकडच्यांनी खाल्ली की सोयरीक पक्की, मागे फिरणं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी खाल्लं. वर ‘मीठ अगदी बेताचं पडलंय’ असंही म्हणाले, मेली मी.

आई गेल्यापासून पोर हसलीच नव्हती गं. हा नवरा मुलगा मेइरम आला आणि भांडी घासताना गुणगुणायला लागली — तेवढ्यासाठी मी तोंड शिवून बसले. म्हटलं, दप्तरात काही निघालं नाही तर आपलाच भ्रम म्हणायचं. स्वतःलाच फसवत होते, दुसरं काय? लाज वाटते मला.

दे तो कागद इकडे. नको, तू नको सांगूस — घास मी गिळला, मीच सांगीन. तिला आत पाठव आणि दार लोटून घे, हे आमच्या घरातलं आहे. आणि ऐक — तिचे डूल छान आहेत असं म्हणू नकोस. सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर केस मागे सारतेय ती. जा आता.